मर्दन चिकित्सा

मर्दन चिकित्सा : (मालिश, अंगमर्दन). त्वचा व तिच्याखालील स्नायू, कंडरा, बंध इ. मऊ ऊतके हातांनी ठराविक पद्धतीने चोळणे, दाबणे, तिंबणे, थापटणे या क्रियांना मर्दन म्हणतात. वेदना कमी करणे, आखडलेला अवयव सैल करणे, सूज उतरविणे किंवा शरीर व मन यांना विसावा देणे या हेतूंनी मर्दनाचा जो उपयोग करतात, त्यास मर्दन चिकित्सा अशी संज्ञा आहे. मर्दन तेल लावून किंवा कोरडेही करतात. अभ्यंग हा शब्द मुख्यतः तेल लावून करावयाच्या मर्दनासाठी, तर संवाहन हा हलक्या हाताने अंग चेपण्यासाठी वापरला जातो.

दुखावलेल्या भागाकडे हात आपोआप जातो व तो भाग चोळला जातो. त्यामुळे मर्दन हा मानवाच्या आद्य उपचारांपैकी एक असावा. याच कारणाने त्याच्याविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते ते सर्व रोगांवरील उपाय आहे, तर काही त्याला निव्वळ चैन समजतात. मर्दनाने मिळणारा आराम आणि मूळ रोगाचे निवारण यांत भेद केल्यास त्याची खरी उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट होतात. हा भेद समजून घेण्यास वर्धा जिल्ह्याचा इतिहास विशेष उपयोगी आहे. गांधींनी कुष्ठरोग्याचे स्वतः मर्दन केले ते याच जिल्ह्यात आणि त्या रोगावरील शास्त्रीय उपचारांचे महत्त्वाचे प्रयोगही पुढे येथेच झाले.

इतिहास : आयुर्वेदात अभ्यंगाची गणना दिनचर्येत केलेली आहे. तेलाने माखलेले मडके, कातडे वा गाडीचा आस ज्याप्रमाणे टिकाऊ होतो, त्याप्रमाणे अभ्यंगाने शरीर दृढ होते, असा दृष्टांत चरकसंहितेत आला आहे. स्पर्शाचे अधिष्ठान त्वचा असून तेथे वायूचे आधिक्य असते, म्हणून अभ्यंग त्वचेस हितकर होय, अशी उपपत्तीही तेथे दिली आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अभ्यंग, उद्वर्तन व संवाहन यांचे वेगवेगळे गुण सांगितले असून संवाहनाच्या फळांत निद्रा आणि श्रमपरिहार यांच्याबरोबर प्रीतीचाही उल्लेख आहे. वाग्भटाने मस्तक, कान व पाय यांच्या अभ्यंगावर विशेष भर दिला. तसेच कफाचा विकार, अजीर्ण आणि नुकतीच झालेली शोधनक्रिया या अवस्थांत अभ्यंग वर्ज्य ठरविला. म्हणजे हा उपचार सर्वांना सर्वकाळ योग्य नाही, याची जाणीव प्राचीन ग्रंथकारांनाही होती.

ग्रीसमध्ये हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या लेखनात मर्दनाचा निर्देश आहे. सैल सांधा आवळण्यास व ताठरलेला सांधा सैल करण्यास ते उपयोगी पडते, असे तेथे म्हटले आहे. चीन व जपान या देशांतही मर्दनाच्या स्वतंत्र परंपरा निर्माण झाल्या. जपानमध्ये हा अंध व्यक्तींचा एक परंपरागत व्यवसाय बनला.

भारतातील चंपी यूरोपात नेण्याचे श्रेय बिहारमधील शेख दीन महंमद (१७५९–१८५१) यांना देतात. त्यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे औषधी वाफेचे स्नान व मर्दन यांचे स्नानगृह चालविले. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांकडेही त्यांची नेमणूक झाली होती. इंग्रजीतील ‘शँपू’ हा शब्द ‘चाँपना’ (चेपणे) या हिंदी क्रियापदापासून आला असून आरंभी त्याचा अर्थ केस धुणे असा नसून अंग चेपणे असा होता.

अर्वाचीन काळी स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी व्यायाम व हस्तोपचार यांची पद्धतशीर मांडणी केली. स्टॉकहोम येथे त्यांनी १८१३ मध्ये व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली. आज ‘स्वीडिश मालिश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे वर्गीकरण मात्र डच वैद्य योहान गेओर्ख मेट्स्गर (१८३८–१९०९) यांचे आहे, असे मानतात. १८९४ मध्ये लंडन येथे प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांची संस्था निघाली. मालिशगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून या व्यवसायाला वेगळे काढणे व त्यासाठी परीक्षा ठरविणे, हा तिचा हेतू होता. तिच्यातूनच पुढे तेथील भौतिकोपचारतज्ञांची (फिजिओथेरपिस्टांची) अधिकृत संस्था विकसित झाली. भारतात १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि मर्दन हा त्या शिक्षणाचा एक भाग बनला.

मूलभूत क्रिया : पद्धती अनेक असल्या, तरी त्यांतील हस्तक्रिया मुख्यतः पाच होत. (१) हळुवार चोळणे : सबंध तळहात त्वचेवरून लांबवर, सामान्यतः हृदयाच्या दिशेने फिरवितात. मर्दनाचा आरंभ व शेवट याच क्रियेने होतो. (२) तिंबणे : कणीक तिंबावी त्याप्रमाणे स्नायू हातात धरून उचलणे, पिळणे व सोडणे. (३) घर्षण : बोटांच्या अग्रांनी किंवा अंगठ्याने लहानशा जागी खोलवर चोळणे. (४) थापटणे : ओंजळीसारखा पोकळ हात किंवा हाताची कड यांनी लयीत हलके आघात करणे. छातीत साठलेला कफ सुटावा म्हणून काही श्वसनविकारांत या क्रियेचा वापर करतात. (५) कंपन : हात शरीरावर टेकवून त्यास सूक्ष्म थरथर देणे. क्रिया कोणती व दाब किती, हे स्नायूंची स्थिती व रुग्णाची सहनशक्ती पाहून ठरवितात.

प्रमुख प्रकार : (अ) आयुर्वेदीय : सर्वांगाला कोमट तेल लावून केलेल्या अभ्यंगाखेरीज डोक्याचा शिरोभ्यंग व पायांचा पादाभ्यंग हे प्रकार रूढ आहेत. औषधी चूर्ण अंगास चोळण्याला उद्वर्तन म्हणतात. कपाळावर तेलाची संथ धार धरणे म्हणजे शिरोधारा. औषधी द्रव्यांच्या पुरचुंडीने शेकत चोळण्याच्या क्रियेस पिंडस्वेद म्हणतात. पंचकर्माच्या आधी स्नेहन व स्वेदन करतात, त्यांपैकी बाह्य स्नेहनात अभ्यंगाचा समावेश होतो. यांसाठी तिळाचे तेल श्रेष्ठ मानले असून नारायण तेल, बला तेल यांसारखी सिद्ध तेले वातविकारांत वापरतात. वर्धा तालुक्यातील सालोड (हिरापूर) येथील आयुर्वेद महाविद्यालयात या क्रियांचे शिक्षण दिले जाते.

(आ) स्वीडिश : वर सांगितलेल्या पाच क्रियांवर आधारलेला हा प्रकार पाश्चात्त्य देशांत सर्वाधिक रूढ आहे. स्नायूंचा थकवा व ताण यांसाठी तो उपयोगात आणतात. खेळाडूंचे मर्दन ही त्याचीच एक शाखा होय.

(इ) खोल घर्षण : कंडरा किंवा बंध यांच्या तंतूंना आडव्या दिशेने, थोड्या जागेवर घर्षण करण्याची ही पद्धत जेम्स सिरीॲक्स (१९०४–८५) या ब्रिटिश वैद्यांनी प्रचारात आणली. हिचा लाभ सर्व रुग्णांत सारखा आढळत नाही. म्हणून ती व्यायामाच्या जोडीने वापरतात.

(ई) लसीका-निचरा : हात अगदी हलका ठेवून, त्वचा किंचित ताणून ऊतकांतील साठलेला द्रव लसीका वाहिन्यांकडे वळविण्याची पद्धत डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी १९३० नंतरच्या दशकात विकसित केली. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर पट्टबंधन व व्यायाम यांच्या जोडीने तिचा उपयोग करतात. हत्तीरोगात मात्र पायाची दररोज स्वच्छता, त्वचेची निगा, पाय उंच ठेवणे व व्यायाम यांना प्राधान्य असते. सुजलेला पाय जोराने रगडणे हानिकारक ठरते. पूर्व विदर्भात हा रोग पूर्वापार आढळत असून सेवाग्राम येथे त्यावर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे.

(उ) पूर्व आशियाई : जपानमधील शियात्सू या पद्धतीत अंगठे व तळहात यांनी ठराविक बिंदूंवर दाब देतात. थायलंडमधील ‘नुआद थाई’ या पद्धतीत दाबाबरोबर अंग ताणण्यालाही महत्त्व आहे. यूनेस्कोने २०१९ मध्ये तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. शरीरातील ऊर्जेच्या वाहिन्यांची जी कल्पना या पद्धतींच्या मुळाशी आहे, तिला शरीररचनाशास्त्रात आधार सापडलेला नाही. तरीही दाब व ताण यांमुळे येणारा सैलपणा रुग्णास जाणवतो.

(ऊ) लोकपरंपरेतील : महाराष्ट्रात नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान व उटणे, तान्ह्या बाळाला तेल चोळून न्हाऊ घालणे, बाळंतिणीचे अंग चोळून शेक देणे, तालमीतील पैलवानांची मालिश आणि थकल्याभागल्या वडीलधाऱ्यांचे पाय चेपणे या प्रथा सर्वपरिचित आहेत. विदर्भात तिळाबरोबर जवसाचे व करडईचे तेलही घरोघरी असे. ते गावच्या तेल्याच्या घाणीवर काढले जाई. म. गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत बैलघाणीत सुधारणा करण्याचे प्रयोग केले. तेथे झवेरभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेली घाणी ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ज्ञात झाली.

शरीरावरील परिणाम : मर्दनाने त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात व त्या जागी ऊब जाणवते. त्वचेतील स्पर्शसंवेदी तंत्रिका उद्दीपित झाल्याने वेदनेचे संदेश मेरुरज्जूच्या पातळीवर काही अंशी अडविले जातात, असे मानतात; ठेच लागल्यावर ती जागा चोळली असता बरे वाटते, त्याचे कारण हेच असावे. सावकाश व लयबद्ध मर्दनाने परानुकंपी तंत्रिका तंत्राचे कार्य वाढते. त्यामुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, स्नायू सैल पडतात व झोप येते. तेलामुळे त्वचेतील ओलावा टिकून राहतो, मात्र तेलाचा फारच थोडा अंश त्वचेच्या वरच्या थरांपलीकडे जातो. तेल हाडांपर्यंत ‘जिरते’ ही समजूत म्हणून बरोबर नाही.

मर्दनाने शरीरातील ‘विषे’ बाहेर पडतात, चरबी वितळते किंवा बाळाच्या नाकाडोक्याला हवा तसा आकार येतो, या समजुतींनाही आधार नाही. अर्धांगवायू किंवा पोलिओ यांमुळे दुर्बळ झालेल्या स्नायूंत केवळ मर्दनाने बळ येत नाही. बळ येण्यास रुग्णाने स्वतः केलेली हालचाल आवश्यक असते. मर्दन त्या हालचालीची पूर्वतयारी करून देते.

उपयोग : कंबरदुखी व मानदुखी यांत मर्दनाने काही काळ आराम पडतो. दीर्घकालीन लाभाचा पुरावा दुर्बळ असल्याने व्यायामाची जोड आवश्यक मानतात. कर्करोगाच्या रुग्णांत चिंता व वेदना तात्पुरत्या कमी होतात. खेळानंतरचे अंग दुखणे काहीसे हलके होते. अकाली जन्मलेल्या अर्भकांबाबत टिफनी फील्ड व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दररोज ठराविक वेळ स्पर्श व अंगाची हालचाल यांचा उपचार मिळालेल्या बालकांचे वजन इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. भारतीय आजीच्या हातची मालिश पाश्चात्त्यांना परिचित करून देण्यात फ्रेंच प्रसूतितज्ञ फ्रेडरिक लबॉयर यांच्या शांताला (१९७६) या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. कलकत्त्यातील एका मातेच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. बाळाच्या मर्दनात हात हलका हवा. मोहरीच्या तेलाने कोवळ्या त्वचेचा दाह होऊ शकतो. नाकात तेल सोडण्याची प्रथा तर धोकादायक आहे, कारण ते तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याचा संभव असतो.

वर्धा जिल्ह्यातील अनुभव : गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले. पुढे हेच गाव सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. निसर्गोपचारावर त्यांचा विश्वास होता. तेलाची मालिश व त्यानंतर स्नान हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. त्यांच्या मालिशची लाकडी मेज सेवाग्राम आश्रमात जतन करून ठेवली आहे.

संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांचा गांधींशी येरवडा तुरुंगात परिचय झाला होता. कुष्ठरोगाने ग्रासलेले शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व त्यांच्यासाठी आपल्या निवासाजवळ कुटी बांधवली. त्यांच्या जखमा धुणे व अंगाला मालिश करणे ही कामे गांधी स्वतः करीत. महारोग्याच्या सावलीलाही लोक भीत असत, अशा काळातील ही घटना आहे. गांधी त्यांचे मर्दन करीत असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध असून ‘परचुरे कुटी’ आजही आश्रमात पाहावयास मिळते. शास्त्री पुढे दत्तपूर येथे राहिले. विनोबा भावे यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्यानजीकच्या या ठिकाणी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले होते.

या मर्दनाने काय साधले, याचे उत्तर दोन प्रकारे द्यावे लागते. कुष्ठरोग हा जंतुजन्य रोग असून मर्दनाने ते जंतू मरत नाहीत. त्या वेळी त्यावर निश्चित गुणकारी औषधही उपलब्ध नव्हते. तथापि या रोगात तंत्रिका निकामी झाल्याने हातपायांची संवेदना जाते व घाम येणे थांबते. परिणामी त्वचा कोरडी पडून भेगाळते, जखमा होतात आणि बोटे आखडून वाकडी होतात. अशा हातापायांना पाण्यात भिजवून ठेवणे, नंतर त्वचेचा ओलावा टिकविण्यासाठी तेल लावून चोळणे व बोटे हळूहळू सरळ करण्याचा व्यायाम करणे हा व्यंग टाळण्याचा मान्य उपाय आहे. जखमांवर मात्र मर्दन करीत नाहीत. म्हणजे या शुश्रूषेत शास्त्रीय दृष्ट्याही तथ्य होते. तिचा दुसरा परिणाम सामाजिक होता. कुष्ठरोग त्वचेला केवळ हात लावल्याने सहजी जडत नाही. त्याचा प्रसार मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाशी दीर्घकाळ निकट सहवास घडल्यास, त्याच्या नाकातोंडातील स्रावाच्या तुषारांतून होतो. शब्दांनी समजावून न पटणारी ही गोष्ट त्या मर्दनाने लोकांच्या डोळ्यांसमोर आली.

गांधींच्या निधनानंतर १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले व त्याचे मुख्यालय वर्धा येथे राहिले. डॉ. रा. वि. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार या तीन अंगांची कार्यपद्धती सिद्ध केली. डॅप्सोन या गोळ्यांनी रुग्णाला घरी ठेवूनच उपचार करणे त्यामुळे शक्य झाले. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची बहुविध औषधयोजना देशातील ज्या जिल्ह्यांत प्रथम हाती घेण्यात आली, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. रोग बरा झाला तो या औषधांनी. परंतु औषधाने जंतू मेले, तरी बधिर झालेला हात पूर्ववत होत नाही. त्याला पाणी, तेल, व्यायाम व काळजी यांची गरज आयुष्यभर राहते. मर्दनाचे कार्य औषधाच्या जागी नसून त्याच्या शेजारी आहे, हे या जिल्ह्याच्या अनुभवातून दिसून येते. गांधींचा स्मृतिदिन ३० जानेवारी हा भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.

निसर्गोपचाराच्या क्षेत्रात गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये उरुळी कांचन (जि. पुणे) येथे आश्रम निघाला. पुण्यात दिनशा मेहता यांच्या ज्या उपचारगृहात गांधी राहत, त्या जागी १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. या ठिकाणी मर्दनाचा आहार, जलोपचार व व्यायाम यांच्याबरोबर अवलंब केला जातो.

निषेध व दक्षता : ताप, त्वचेचा जंतुसंसर्ग, उघडी जखम, भाजलेली जागा व ताजा अस्थिभंग असताना मर्दन करीत नाहीत. पोटरीत एकाएकी सूज व वेदना उद्भवल्यास ती खोल नीलेतील रक्ताच्या गुठळीमुळे असू शकते. अशा वेळी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात अडकण्याचा व प्राणावर बेतण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेले, ठिसूळ हाडांचे वृद्ध व गर्भवती यांच्याबाबत वैद्याचा सल्ला आवश्यक आहे. कर्करोगाच्या गाठीवर दाब देत नाहीत. पोलिओच्या तीव्र अवस्थेत दुखरे स्नायू चोळणे वर्ज्य आहे. मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायाला तेल अति गरम करून लावल्यास रुग्णाच्या नकळत भाजते.

ग्रामीण भागात विशेष लक्ष देण्याजोगी बाब म्हणजे कोपराची दुखापत. पडून कोपर सुजले की मुलाला हाडे बसविणाऱ्याकडे नेऊन ते जोराने चोळण्याची व ओढण्याची रीत आहे. अशा मर्दनाने स्नायूत रक्तस्राव होऊन तेथे हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा ताठर होण्याचा संभव असतो. म्हणून दुखापतीनंतर प्रथम क्ष-किरण तपासणी करावी, तोवर सांधा आधार देऊन स्थिर ठेवावा व तेल लावून चोळू नये.

मर्दन करणाऱ्यास शरीररचनेचे ज्ञान व प्रशिक्षण असणे आवश्यक आहे. भारतात भौतिकोपचारासह आरोग्यसेवेतील विविध व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी यांचे नियमन करण्यासाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला. घरगुती अभ्यंगाला अशा नोंदणीची गरज नाही. हात हलका, तेल कोमट, जागा उबदार व दुखल्यास थांबण्याची तयारी, एवढी पथ्ये तेथे पुरेशी होतात. आठवड्याहून अधिक टिकणारी वेदना, हातापायांतील बधिरपणा वा अशक्तपणा, घटणारे वजन किंवा ताप ही लक्षणे असल्यास मर्दनात वेळ न दवडता रोगाचे निदान करून घेणे इष्ट ठरते.